डॉक्टर झाला, बँकेत लागला. पण मनाचे काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वसाहतींतून गुणवंतांच्या सत्काराचे कार्यक्रम सुरू होतात. विहारासमोर मंडप पडतो, हार-तुरे होतात, वह्या-पेनांचे संच वाटले जातात आणि सूत्रसंचालक प्रत्येक मुलासमोर माईक धरून विचारतो, "पुढे काय व्हायचे ठरवले आहे?" अशा कार्यक्रमांच्या खुर्च्या मांडण्यात आणि उचलण्यात आमची वीस वर्षे गेली. त्यामुळे उत्तरे आम्हाला पाठ आहेत. गुण भरपूर असले तर डॉक्टर. वाणिज्य शाखेचा असला आणि घरची परिस्थिती बेताची असली तर "बँकेची परीक्षा देणार." इतरही उत्तरे येतात, परंतु मागच्या रांगेत बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर जे तेज येते ते या दोन उत्तरांना.

यात नवल नाही. ज्या आजीने सरकारी दवाखान्याच्या पायरीवर ताटकळत दिवस काढले, तिला नातू डॉक्टर व्हावा असे वाटणारच. बँकेचेही तसेच. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शाखा वाढल्या, भरतीत राखीव जागा आल्या, आणि तेव्हा कुठे काउंटरच्या पलीकडे आपला माणूस दिसू लागला. गिरणी कामगाराच्या, सफाई कामगाराच्या घरातला पहिला टेबल-खुर्चीचा माणूस पुष्कळ ठिकाणी बँकेतलाच होता. त्याच्या एका पगारावर भावांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली, गावाकडच्या घरावर पत्रे चढले.

तेव्हा या दोन स्वप्नांना नावे ठेवण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आमचे म्हणणे असे की, मूल तिथे पोहोचले की आपण हिशेबाची वही मिटून टाकतो. मेडिकलच्या मुलाला आपण विचारतो, "पास झालास ना?" बँकेतल्या मुलीला विचारतो, "पगार झाला ना?" रात्री झोप लागते का, जेवतेस कुणाबरोबर, वरचा साहेब कसा बोलतो, हे प्रश्न आपल्या घरांत सहसा निघत नाहीत. आपल्या आई-बापांनी याहून कितीतरी कठीण दिवस काढलेले असतात, म्हणून पंख्याखाली बसून काम करणाऱ्याला कसले आले दुःख, असे त्यांना मनापासून वाटते. आणि मुलालाही ते ठाऊक असते, म्हणून तो बोलत नाही.

दोन वेगवेगळी खाती

आम्ही बी.कॉम. करीत असताना व्यवस्थापनाच्या पेपरात हर्झबर्गचा सिद्धांत असे. तेव्हा आम्ही तो पाच गुणांसाठी पाठ केला आणि विसरलो. पुढे कचेरीत नोकरी करू लागल्यावर तो खरा कळला. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग भागातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांना दोन साधे प्रश्न विचारले. कामात तुम्हाला फार बरे केव्हा वाटले? आणि फार वाईट केव्हा वाटले? १९५९ साली त्याने निष्कर्ष छापले. लोकांना वाईट वाटण्याची कारणे होती पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, कचेरीचे नियम. बरे वाटण्याची कारणे मात्र वेगळीच निघाली: एखादे काम तडीस नेले, कुणी त्याची दखल घेतली, जबाबदारी मिळाली, कामच आवडीचे होते. म्हणजे पगार वाढवला की तक्रार कमी होते, पण तेवढ्याने समाधान येतेच असे नाही.

पुढे १९८९ साली कॅरॉल रिफ या विदुषीने मनाच्या स्वास्थ्याचे सहा भाग मांडले. स्वतःचा स्वीकार, इतरांशी जिव्हाळ्याचे नाते, आपल्या मताने वागता येणे, आजूबाजूच्या परिस्थितीवर पकड, जगण्याला हेतू असणे, आणि आपण वाढत आहोत ही भावना. यातल्या कुठल्याही एका भागात माणूस श्रीमंत असेल आणि दुसऱ्यात कंगाल.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर ही वेगवेगळी खाती आहेत. बचत खात्यात शिल्लक आहे म्हणून कर्जखाते आपोआप फिटत नाही. नोकरीबद्दलचे समाधान हे एक खाते, मनाचे स्वास्थ्य हे दुसरे. आपण घरी बसून पहिल्या खात्याचे पासबुक बघतो आणि दुसऱ्याची काळजी करीत नाही. वैद्यकीय विद्यार्थी आणि बँक कर्मचारी यांना शेजारी ठेवून पाहिले तर ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. एकाला हेतू आहे, विसावा नाही. दुसऱ्याला पगार आहे, रजा आहे, निवृत्तीची तरतूद आहे, पण आपण हे काम कशासाठी करतो हे त्याला संध्याकाळी सांगता येत नाही.

पांढऱ्या कोटाच्या आत

आपल्या वसाहतीतून एम.बी.बी.एस.ला गेलेल्या मुलांशी आम्ही बोलत असतो. पहिले वर्ष सर्वांनाच जड जाते. शरीररचनेची जाडजूड पुस्तके, प्रेतावरचे विच्छेदन, दर आठवड्याला तोंडी परीक्षा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला यात आणखी एक काम असते. बाकीचे विषय वाचतात, तेव्हा तो आधी इंग्रजी वाचतो आणि मग विषय. बारावीपर्यंत जो पहिला यायचा तो इथे पहिल्यांदा नापास होतो. पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी चारच संधी, हा नियम त्याला हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगते. त्या दिवसापासून तो बोटांवर मोजू लागतो.

एका मुलाचे सांगतो. आईचा रोज रात्री नऊला फोन यायचा. "जेवलास का बाळा? अभ्यास चालू हाय ना?" तो म्हणायचा, "हो आई." दोन्ही उत्तरे खोटी होती. मेसमध्ये त्याच्या वर्गातली मुले 'नीटचा स्कोअर किती' हे विचारत. स्कोअर सांगितला की पुढचा प्रश्न विचारावाच लागत नाही, जात कळते. म्हणून तो मेस बंद होता होता जायचा, किंवा जायचाच नाही. हे त्याने आम्हाला सांगितले तेव्हा तो तिसऱ्या वर्षाला होता. आईला त्याने आजवर सांगितलेले नाही.

ही एकट्याची कहाणी समजू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. २००७ साली तिचा अहवाल आला. परीक्षा, शिक्षकांशी संबंध, हॉस्टेल, खेळ, सर्वत्र भेदभाव होतो असे विद्यार्थ्यांनी समितीला सांगितल्याचे त्यात नोंदले आहे. पुढे २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. वरिष्ठांकडून जातीवरून छळ होत असल्याचे त्यांनी घरी सांगितले होते, असे त्यांच्या आईचे म्हणणे होते. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना अटक झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. एक गोष्ट मात्र आम्हाला इथे अधोरेखित करावीशी वाटते. त्या मुलीने घरी सांगितले होते. आपल्या पुष्कळ घरांत तेवढेही होत नाही.

जात बाजूला ठेवली तरी या शिक्षणाचा भार सर्वच विद्यार्थ्यांना वाकवतो आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ साली देशभरातील विद्यार्थ्यांची पाहणी केली. २५,५९० पदवीपूर्व आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ऑनलाइन प्रश्नावली भरली. पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी शंभरात जवळजवळ २८ जणांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे लिहिले. आधीच्या वर्षभरात स्वतःचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला असे सांगणारे पदवीपूर्व शंभरात १६ होते आणि पदव्युत्तर शंभरात ३१. ज्याने-त्याने आपणहून भरलेली ही प्रश्नावली आहे. ज्याला त्रास होतो तो ती अधिक आस्थेने भरतो, हे हिशेबाच्या माणसाने लक्षात ठेवायला हवे. तरीही आकडे लहान नाहीत. आणि पदवी हातात पडली की त्रास संपतो ही आपली समजूत चुकीची आहे, हेही त्यातून दिसते. आपण सत्कार करून मोकळे होतो, ते त्यानंतरचे दिवस अधिक कठीण असतात.

कारण त्याच पाहणीत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आठवड्याची एक सुटीही मिळत नव्हती. हे विद्यार्थी म्हणजेच सरकारी रुग्णालयांतील निवासी डॉक्टर. आपण रात्री दोन वाजता आजारी माणसाला घेऊन धावतो तेव्हा तपासायला येतो तो हाच मुलगा. छत्तीस तास झोपलेला नसतो आणि आपण त्याच्यावरच ओरडतो. कृतिदलाने शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम देऊ नये आणि एक दिवस सुटी द्यावी. चौऱ्याहत्तर! सहा दिवसांत वाटले तर रोजचे बारा तासांहून जास्त. आणि ही सुधारणेची शिफारस. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. गिरणीतल्या आजोबाला जी मर्यादा मिळाली ती नातवाला डॉक्टर होऊन मिळत नाही. निवासी डॉक्टरांसाठीही केंद्र सरकारने १९९२ साली अशाच ४८ तासांचे निर्देश दिले होते. ते कागदावर राहिले.

वैद्यकीय आयोगाकडूनच माहिती अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार पाच वर्षांत १,२७० विद्यार्थ्यांनी हे शिक्षण मध्येच सोडले. त्यांतले १,११७ पदव्युत्तर होते. म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन, आणखी एक कठीण परीक्षा पार करून, हवी असलेली जागा मिळवलेले. घरी परत आलेल्या अशा डॉक्टरला आपली वसाहत काय म्हणते ते आम्ही ऐकले आहे. "एवढी सीट मिळाली आणि सोडून आला." आम्हाला वाटते, जो जिवंत परत आला त्याच्यासमोर हे वाक्य उच्चारू नये.

काउंटरच्या पलीकडे

आता बँकेकडे वळू. जुने बँक कर्मचारी सांगतात की त्यांच्या काळी काम कष्टाचे होते, पण कामाला शेवट होता. लेजर लिहायचे, व्हाउचर जुळवायचे, संध्याकाळी कॅश मोजून तिजोरी बंद केली की डोके मोकळे. कॅशियरला रोकड कमी भरली तर खिशातून भरावी लागे, ती धास्ती होतीच, आजही आहे. परंतु संघटना बळकट होत्या. बँक कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना १९४६ पासूनची, आणि १९६६ पासून व्यवस्थापनाशी समोरासमोर बसून वेतनकरार करण्याची पद्धत. कामाचे तास, रजा, बदली यांना नियम होते आणि ते मोडले तर विचारणारे कोणी होते.

मग संगणक आले. २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि लाखाहून अधिक माणसे एका झटक्यात बाहेर पडली. २०१७ साली सार्वजनिक क्षेत्रात २७ बँका होत्या, विलीनीकरणानंतर १ एप्रिल २०२० रोजी १२ उरल्या. शाखेतली माणसे घटली आणि कामाचा प्रकार पालटला. २०१४ साली जनधनची खाती, २०१५ साली विमा योजना, ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर तर पन्नास दिवस काउंटरवरच्या माणसाने जे सोसले ते त्यालाच ठाऊक. बाहेर रांगेत आपला मजूर उन्हात उभा, आत कर्मचारी रात्री नऊपर्यंत नोटा मोजतो आहे, आणि दोघेही एकमेकांवर चिडलेले. नियम दोघांनीही केले नव्हते.

आज बँकेतल्या माणसाला सर्वांत जास्त काय खुपते असे विचारले तर तो 'काम' म्हणत नाही, 'टार्गेट' म्हणतो. विम्याच्या इतक्या पॉलिसी, इतकी क्रेडिट कार्डे, इतकी नवी खाती. संध्याकाळी व्हिडिओवर बैठक, त्यात शाखेचे आकडे सर्वांसमोर वाचून दाखवणार. आमच्या ओळखीची एक भगिनी बँकेत अधिकारी आहे. ती म्हणाली, "पेन्शन काढायला आलेल्या म्हाताऱ्या बाईला मी विमा गळ्यात मारते, दादा. ती माझ्या आईसारखी दिसते. मग रात्री मला जेवण जात नाही." तिचा पगार चांगला आहे, २०२४ च्या करारात वाढलाही. हर्झबर्गने सांगितलेली दोन खाती ती हीच.

बदलीचा प्रश्न त्याहून वाईट. कारकुनाला बढती मिळाली की अधिकारी म्हणून त्याची कुठेही बदली होऊ शकते. म्हणून कित्येक हुशार कारकून, विशेषतः भगिनी, बढती नको असे लिहून देतात आणि आयुष्यभर त्याच काउंटरवर बसतात. जे बढती घेतात ते परमुलखात एका खोलीत राहतात, शनिवार-रविवारच्या गाडीने घरी येतात. दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा, हे १ सप्टेंबर २०१५ पासून मिळाले. पाच दिवसांच्या आठवड्यासाठी लढा चालू आहे. जाता जाता एक गंमत सांगतो. नाजूक कामावरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून किमान दहा कामाचे दिवस, आगाऊ न सांगता, सक्तीच्या रजेवर पाठवावे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माणसाला विश्रांती मिळावी म्हणून तो केलेला नाही, तो मागे नसताना घोटाळा असेल तर उघडकीस यावा म्हणून केला आहे.

आपल्या माणसाला बँकेत आणखी एक ओझे असते आणि ते आपणच त्याच्यावर ठेवतो. "आपला माणूस मॅनेजर आहे, कर्ज पास करून देईल." नातलग येतात, गावचे येतात, आम्हा कार्यकर्त्यांसारखे चिठ्ठी घेऊन येतात. त्याने कर्ज दिले आणि थकले तर खुलासा त्याला मागितला जातो. नाही दिले तर "साहेब झाला आणि समाजाला विसरला." शिवाय घरात पगारदार एकटाच, म्हणून भावाच्या घरासाठी, पुतण्याच्या ॲडमिशनसाठी, कर्मचाऱ्याला कमी व्याजाने मिळते म्हणून कर्ज त्याच्याच नावावर. हप्ते कापून हातात किती पडतात हे त्याच्या बायकोला विचारा. मेडिकलच्या पोराची तऱ्हा तशीच. दुसऱ्या वर्षाला गेला नाही तोच अख्खी वसाहत त्याला व्हॉट्सॲपवर रक्ताचे रिपोर्ट पाठवते. त्याला अजून सुई टोचता येत नसते!

साहेबाला ताण, की शिपायाला?

मोठ्या पदावर मोठा ताण, असे सर्वजण समजतात. लंडनमधील सरकारी नोकरांची १९६७ पासून आणि पुन्हा १९८५ पासून जी दीर्घ पाहणी झाली तिने ही समजूत मोडली. सर मायकेल मार्मट यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. दुसऱ्या पाहणीत दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष होते. हृदयविकार वरच्या साहेबांत कमी आणि खालच्या पायरीवरच्या कारकून-शिपायांत जास्त आढळला. पायरी जितकी खालची तितका धोका अधिक. सिगारेट, चरबी वगैरे कारणे वजा केली तरी फरक उरलाच. त्यामागे एक मोठे कारण निघाले: आपल्या कामावर आपला ताबा नसणे. कोणते काम आधी करायचे, केव्हा थांबायचे, कसे करायचे, यात ज्याचे काहीच चालत नाही त्याचे शरीर झिजते. रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने १९७९ सालीच मांडले होते की काम जास्त आणि हातात अधिकार काही नाही, ही जोडी मनाला सर्वांत घातक. नंतरच्या अभ्यासकांनी त्यात तिसरी गोष्ट जोडली: पाठीशी माणसे असणे. एकटेपणात तोच ताण दुप्पट लागतो.

आम्ही स्वतः कारकून असल्याने ही पाहणी आम्हाला पुस्तकी वाटली नाही. निवासी डॉक्टर आणि बँकेचा कर्मचारी यांच्या कामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, परंतु दोघांची दुखरी जागा एकच. ड्यूटी दुसरा लावतो, टार्गेट दुसरा ठरवतो. आणि दोघांनाही त्या शहरात स्वतःचे असे माणूस नाही.

कामावरचा ताबा घरून देता येत नाही. तो संघटनेने आणि कायद्याने मिळवावा लागतो. म्हणून बँकेतल्या आपल्या तरुणांनी "युनियनचे दिवस गेले" म्हणून पावती फाडायचे टाळू नये आणि निवासी डॉक्टर कामाच्या तासांसाठी संपावर जातात तेव्हा आपण त्यांना शिव्या देऊ नयेत. कोणी म्हणतात, मुलांना दहा दिवस ध्यानशिबिराला पाठवा, सर्व ठीक होईल. ध्यानाने मन स्थिर होते याबद्दल आमचा वाद नाही. पण छत्तीस तास जागलेल्या माणसाला आधी झोप हवी.

पाठीशी माणूस असणे, हे मात्र आपल्या हातात आहे. त्यासाठी आधी थोडे डोळे उघडे ठेवावे लागतात. मूल फोनवर दोन शब्दांत उत्तरे देऊ लागले, सणावारी घरी यायचे टाळू लागले, वजन उतरले, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीत रस उरला नाही, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" अशी भाषा आली, तर परीक्षेचा विषय काढू नये. गाडी पकडून त्याच्याकडे जावे. "तुला मरावेसे वाटते का?" असे सरळ विचारले तर त्याच्या डोक्यात तो विचार शिरेल, ही भीती निराधार आहे, उलट विचारणारा कोणी आहे म्हणून त्याला हलके वाटते. मग त्याला एकटे ठेवू नये आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. "वेड्यांचा डॉक्टर" हा शब्द आपल्या घरांतून जायला हवा. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बापाला मुलाच्या मनाच्या गोळीची लाज का वाटावी? पोलिसांची भीतीही कित्येकांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे मान्य केले आहे की ज्याने स्वतःचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी.

वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो. पण तिथे जायला विद्यार्थीच कचरतो, कारण बाकावर त्याचेच वर्गमित्र आणि खुर्चीत त्याचेच परीक्षक. अशा वेळी केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा उपयोगी आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येते. नाव सांगितले नाही तरी चालते. रॅगिंगची तक्रार असेल तर १८००-१८०-५५२२ हा वेगळा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावेत.

शेवटी आमच्याकडे जे घडले ते सांगतो. ज्या मुलाचा मेसचा प्रसंग वर सांगितला, त्याच्या कॉलेजच्या गावी आपल्याच तालुक्यातले एक बँक अधिकारी बदलीवर गेले होते. खोली घेऊन एकटे राहत. कुटुंब इकडे, मुलांच्या शाळेमुळे. आम्ही दोघांना एकमेकांचे फोन नंबर दिले, एवढेच. पहिल्या रविवारी मुलगा संकोचाने गेला. काकांनी भाकरी-पिठले केले, भाकरी जाड झाली, दोघे हसले. पुढे दर रविवारचा नेम झाला. मुलाने काकांना आपले 'स्कोअर'चे सांगितले, काकांनी त्याला आपल्या पहिल्या शाखेतले सांगितले. तिथे त्यांच्यासाठी चहाचा कप वेगळा ठेवलेला असे. काकांचा रक्तदाब त्या मुलाने तपासला आणि औषध सुरू करायला लावले. ते तीन वर्षे टाळत होते.

यावरून आमच्या मंडळाने यंदा एक वही केली आहे. जिल्ह्यातून मेडिकल, इंजिनियरिंग, नर्सिंगला बाहेरगावी गेलेली मुले एका पानावर, आणि बँक, रेल्वे, पोस्ट, विमा यांत नोकरी करून त्या-त्या गावी असलेली आपली माणसे समोरच्या पानावर. एकोणीस गावांच्या जोड्या लागल्या आहेत. सात गावांत मुले आहेत, पण समोरचे पान कोरे आहे. मुलींच्या बाबतीत कुटुंबासह राहणारे घरच हवे असा आमचा नियम आहे आणि मुलीची आई आधी ते घर पाहून येते. ज्या वाचकांची बदली नुकतीच बाहेरगावी झाली असेल त्यांनी आपल्या भागातील मंडळाकडे गावाचे नाव कळवावे. रविवारी एक माणूस जेवायला येऊ शकेल का, एवढेच लिहिले तरी पुरे.